दुपट्यावरचं नाव

परवा सुनेने कपाटातून पांढरं फ्लॅनेलचं दुपटं काढलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, बॉथेल गावात, माझ्या मुलाचं बारसं होतं. त्याची आत्या नागपूरला, म्हणून शेजारच्या नॉर्वेजियन आजींना मी म्हटलं होतं, “आमच्यात नाव आत्या ठेवते. तुम्हीच आत्या व्हा.” बाळंतपणात मला रोज गरम सूप आणून देणाऱ्या त्या बाईंनी ते खरंच मानलं. बारशाला ठेवणीतला ड्रेस घालून आल्या आणि सगळ्यांसमोर हे दुपटं उलगडलं. त्यावर निळ्या दोऱ्याने नाव भरलं होतं, एस्किल. “फार जुनं नाव. देवाचं भांडं असा अर्थ आहे. आमच्या गावात पूर्वी घरोघरी एक असायचा, आता कुणी ठेवत नाही. शेवटचा माझा भाऊ. समुद्रात गेला.” शिऱ्याच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत आमची मंडळी खो-खो हसली, कारण केकवर आम्ही ठरवलेलं नाव केव्हाच लिहून झालं होतं. मीही हसले. वर म्हणाले, “अहो, नाव आम्ही डिसाइड केलंय, तुम्ही फक्त कानात सांगायचं!” त्यांनी नाव आत जाईल अशी दुपट्याची घडी घातली आणि पाळण्यावर वाकून आमचं नाव नीट उच्चारलं. दुसऱ्या दिवशी दुपटं आमच्या दारात होतं, दोरा उसवून, इस्त्री करून. मी ते कधीच वापरलं नाही. “आई, किती सॉफ्ट आहे! बाळासाठी घेऊ?” सून विचारत होती. मी ते खिडकीशी धरलं. सुईची भोकं अजून बुजलेली नाहीत. नाव वाचता येतं.