गुटगुटीत कारवानी

कुत्रा माझ्या नवऱ्याच्या हौसेचा. ते चाकणला कंपनीत, घरी येतात रविवारी. म्हणजे हौस त्यांची आणि उस्तवार माझी. सोलापूरकडून त्यांनी शिकारी कारवानी जातीचं पिल्लू आणलं. लांब तोंड, काडीसारखे पाय, पोट खपाटीला गेलेलं. बघता बघता ते माझ्या मांडीएवढं उंच झालं, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशाच राहिल्या.

आमच्या पिंपळवंडीत दारातलं जनावर वाळकं दिसलं की घरच्या बाईची अब्रू जाते. कळंबची एक पाहुणी चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "ह्याला खायला घालता का न्हाई गं?" मला ते फार झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून मी दूध-भाकरी आणि वर तुपाची धार सुरू केली. कुत्रा बांधलेलाच असायचा, कारण घराभोवती ऊस आणि उसात बिबट्या. बसून बसून कंटाळला की दातांना लागेल ती ठिबकची नळी चावायचा. वर्षभरात बरगड्या गडप झाल्या. येणारा-जाणारा "काय तब्येत हाय राव!" म्हणू लागला आणि मी फुशारून जायचे.

शेजारच्या मामांना मात्र ते पटलं नाही. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आता टोमॅटो करतात, पण जनावराकडे बघायची नजर तीच. त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला फैलावर घेतलं.

"पोरी, लाडानं मारतीस तू ह्याला. ही पळायची जात हाय. बिबट्या आला तर ह्यो भुकून न्हाई वाचायचा, पळून वाचंल. आन् पळायला ह्याच्यात काय ठिवलंस तू?"

मला राग आला. आठ दिवस मी मामांशी धड बोलले नाही. पण कुत्रा विहिरीपर्यंत जाऊन धापा टाकतो, हे मलाही दिसत होतंच.

शेवटी तूप बंद केलं. भाकरी कमी, तिच्यात उकडलेलं अंडं नाहीतर कोंबडीचे तुकडे. रोज उजाडल्यावर मी स्कूटी हळू चालवायची आणि त्याने माझ्या हातातल्या दोरीसह शेजारून पळायचं, असा नेम ठेवला. पहिल्याच दिवशी तो पट्ट्यातून निसटला. ह्या जातीचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा कानांवरून अलगद निघतो. मग मामांनीच जुन्या खाटेच्या नवारीचा रुंद पट्टा शिवून दिला. दोरी मनगटाला गुंडाळू नको, ससा उठला तर तुझ्यासकट नेईल, असं बजावलं. पळून आल्यावर धाप बसेपर्यंत खायला द्यायचं नाही, थंडीत अंगाखाली गोणपाट घालायचं, कारण केस नावापुरते, हेही त्यांनीच शिकवलं. चार महिन्यांत तो हलका झाला. नळ्यांची चावाचावी थांबली.

एके सकाळी आम्ही ऊस तोडून झालेल्या रानाच्या कडेनं चाललो होतो, मी स्कूटीवर, तो शेजारी. तो मधेच थबकला. भुंकला नाही. कान मागे, नजर समोरच्या उभ्या उसावर. मला काहीच दिसेना. मग पाचट हललं आणि बिबट्या बाहेर आला, बैलगाडीच्या दोन लांबीवर.

माझ्या हातात दोरी होती. सोडली तर तो पळाला, धरली तर तो मेला, एवढंच डोक्यात आलं. मी सोडली. तो मोकळ्या रानातून सुटला आणि बिबट्या त्याच्यामागे. निम्म्या रानात बिबट्या थांबला, वळला आणि सावकाश परत उसात शिरला. कुत्रा तोवर ठिपक्याएवढाही उरला नव्हता.

मी घरी आले. तो नव्हता. दोन तास मी दारात बसून होते. चूल पेटवली नाही, नवऱ्याचा फोन उचलला नाही. मग तो मामांच्या बांधावरून आला, दोरीचा अर्धा तुकडा फरफटत. मी त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चाचपलं. ओरखडासुद्धा नव्हता. तिथेच ओसरीवर बसून मी हमसून हमसून रडले आणि रडता रडता त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो स्कूटीपाशी जाऊन उभा राहिला. दार लावून त्याला आत ठेवावं, असं फार वाटलं. पण आत ठेवला तर तो पुन्हा जड होईल, आणि जड कुत्रं आमच्या गावात टिकत नाही. मी नवी दोरी बांधली आणि स्कूटीला किल्ली लावली.