फ्रिजवरचा किनाकोचा तक्ता

किनाको गेल्याचा फोन आला तेव्हा मी तोयोसुच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फेरेट गेली म्हणून कुणी मीटिंगमधून उठत नाही. मीही बसून राहिलो, आणि त्याचा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, इथे जपानात हौसेने पाळतात तो प्राणी. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाला जपानीत किनाको म्हणतात. तिचा रंग तसाच, म्हणून माझ्या अकरा वर्षांच्या ईराने हे नाव ठेवलं. बायको नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे कावासाकीच्या घरात आम्ही तिघंच.

चौथ्या वर्षी किनाकोचं हृदय मोठं झाल्याचं निघालं. पाठोपाठ स्वादुपिंडात गाठ, रक्तातली साखर एकदम खाली आणणारी. मग सुरू झाला तो नुसता वैताग. हृदयासाठी अंगातलं पाणी काढायचं औषध, तर साखरेसाठीच्या स्टेरॉइडने पाणी साठायचं. एक सावरावं तर दुसरं बिघडायचं. डॉक्टरीणबाई, ईराच्या 'सेन्सेई', शांतपणे म्हणायच्या, "योसु ओ मिमाशो," म्हणजे थोडं थांबून बघू या. अहो, किती बघायचं? ईराने फ्रिजवर तक्ता लावला: औषध, वेळ, खाणं, मिनिटाला श्वास किती. एक रकाना राहिला तरी मला ओरडायची.

हृदयाच्या औषधाची पूड कडू. ऑफिसला निघताना किनाको ती नेमकी माझ्या शर्टावर थुंकायची. शेवटी आपल्याकडे करतात तेच मी केलं, मधात कालवून चाटण. काय मिटक्या मारत चाटलंन्! तक्त्यात मात्र लिहिलं नाही. मध काय औषध आहे, का जेवण? दोन आठवड्यांत तिचे मागचे पाय लुळे पडू लागले. डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचून काही विचारलं. दवाखान्यातलं जपानी मला झेपत नाही, म्हणून ईराने मला मराठीत सांगितलं, "गोड काही देता का?" मी म्हणालो, "छे!" तिने तसंच कळवलं. मग स्टेरॉइड वाढलं, पाणी साठलं, धाप वाढली... मधाने साखर आधी चढते आणि मग ती गाठ तिला आणखी खाली पाडते, हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं. किनाकोला दवाखान्यात ठेवताना मी औषधांच्या पिशवीत मधाची बाटलीही दिली, तेव्हा. बाई रागावल्या नाहीत. नाहीतरी फार दिवस उरले नव्हते, म्हणाल्या... ते काही माझ्या गळी उतरत नाही.

किनाको जाऊन आता महिना झाला. ईरा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, तेही जपानीत. पोरगी मला दोष देतेय, असंच मी धरून चाललो होतो. परवा तक्ता काढायला गेलो तर तिने हात धरला.

"अगं, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी लिहायला हवं होतं."

हात न सोडता ती मराठीत म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. तुझं बघून संध्याकाळचं औषध मीपण मधातूनच द्यायचे. मीपण नाही लिहिलं. आणि सेन्सेईंना 'नाही' म्हणून सांगितलं, ते पण मीच."

तक्ता अजून फ्रिजवरच आहे. एकही रकाना रिकामा नाही, आणि मध कुठेच नाही.