मोठमायच्या भिंती

कोणाच्याही घरी गेली की मोठमाय आधी भिंतीवरून तळहात फिरवायची, मगच बसायची. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून आमच्या शेजारी एकटीच राहायची. चिमूरकडच्या आमच्या गावात कुणाचं लग्न ठरलं की शेण आणि पांढरी माती कालवून भिंती पोतारायला तिलाच बोलावणं यायचं. तिच्या हाताची वळणं भिंतीवर इतकी एकसारखी उमटत की बाया म्हणायच्या, "मोठमायचा हात नाई, इस्त्री हाय." ती मागे न बघता म्हणायची, "इस्त्रीले बिजली लागते. मले चहा लागते, आण."

तिचं कवेलूंचं कौलारू घर पाडून तिथे सिमेंटचं, स्लॅबचं घर झालं तेव्हा मी बारावीत होते. खोली एक, खिडकी एक. त्या खिडकीसमोर तिने धानाची पोती रचली. उघडी ठेवली तर साप येतो, असं तिचं म्हणणं. पहिल्याच पावसाळ्यात पोत्यांमागे भिंतीवर काळे ठिपके आले. मोठमायने आयुष्यभर जे केलं तेच इथेही केलं. ती भिंत पोतारली. जुन्या घरात ओल कवेलूंच्या फटींतून निघून जायची, चुलीच्या धुरासोबत. इथे ती जाणार कुठे? महिनाभरात काळं पुन्हा वर यायचं, आणि ती पुन्हा शेणमाती कालवायची. "कोणी पाह्यलं तर म्हणन, या घरात बाई हाय का नाई," असं पुटपुटत हात फिरवायची.

दमा तिला आधीपासून होता, पण थोडा. नव्या घरात तो वाढला. सकाळी उंबऱ्यावर गुडघे धरून बसायची आणि श्वास ओढायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. अंगणात तासभर बसली की बरं वाटायचं, आत गेली की पुन्हा सुरू. हे आम्ही सगळेच रोज बघत होतो.

मी चंद्रपूरला कॉलेजात गेले. एका प्रात्यक्षिकात सरांनी पावाच्या तुकड्यावरची बुरशी दाखवली आणि म्हणाले, हिचे बारीक कण हवेत उडतात, दम्याच्या माणसाला ते फार त्रास देतात. मला पोत्यांमागची भिंत आठवली. सुटीत मी घाबरतच तिच्याजवळ विषय काढला.

"पैसे भरून पाव सडवाले शिकवते काय तुले तिथी?" ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं आणि विषय तिथेच राहिला.

त्या पावसाळ्यात तिला तालुक्याच्या दवाखान्यात मीच नेलं. घरात शिकलेली मी एकटीच. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतींना बुरशी वगैरे?"

मोठमाय ताठ झाली. "नाई साहेब. माह्या भिंती पाहाले लोकं येते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगायचं ते मला माहीत होतं. पण परक्या माणसासमोर तिच्या भिंतीला वाईट कसं म्हणायचं? मी मान खाली घातली. त्यांनी श्वासाचा पंप लिहून दिला, तो कसा ओढायचा ते शिकवलं. आम्ही घरी आलो आणि ती त्याच खोलीत झोपली. पुढचे दोन पावसाळेही तिथेच झोपली.

शेवटी शेवटी चार पावलं चालली तरी तिला बसावं लागायचं. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिला न विचारता तिचं अंथरूण आमच्या पडवीत आणलं. तोंडाला रुमाल बांधला, पोती बाहेर काढली, भिंतीवर पाणी मारलं आणि ती खरवडायला घेतली. शेणमातीचा एक थर निघाला, त्याखाली काळं. त्याखाली आणखी एक थर, त्याखाली पुन्हा काळं. मी घमेली भरभरून बाहेर नेत होते आणि मोठमाय पडवीतून प्रत्येक घमेल्याकडे बघत होती.

दुपारी मी हात धुऊन तिच्याजवळ बसले.

"तुले दवाखान्यातच मालूम होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मंग काऊन नाई बोल्ली?"

"तुले वाईट वाटन म्हणून."

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "वाटलं असतं ना. दोन दिवस तुह्यासंगं बोल्ली नसती मी. तिसऱ्या दिवशी बोल्ली असती."

त्या खोलीत ती परत झोपायला गेली नाही. भिंत सुकली, खिडकी उघडी राहू लागली, पण तिची छाती सुधारली नाही. संक्रांतीच्या आधी ती गेली. त्या पावसाळ्यात दवाखान्यात गप्प राहून मी तिचा दोन दिवसांचा अबोला टाळला होता. एवढंच.