आमचीही झाडावरच आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एका माणसाला सांगायची गरज नव्हती, त्यानं पाहिलंच होतं. ज्या बाईला सांगायला हवं होतं — तिच्याशी मी रोज बोलते.

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढले. बाबा संत्रा उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे सचिव. ते सांगायचे, मी लिहायचे. पुढे मजकूरही माझाच झाला. ‘झाडावरची बाग व्यापाऱ्याला एकट्यानं विकू नका. एकत्र तोडू, एकत्र पाठवू, तरच भाव आपण ठरवू.’ हे मला आजही पटतं. म्हणूनच तर —

थांबा, नीट सांगते.

फळ तयार होतं. संस्थेचा ट्रक यायला अवकाश होता. सगळ्यांनी थांबायचं ठरलं होतं. त्या सकाळी मी काटोलकडच्या आमच्या बागेत गेले, तर व्यापाऱ्याची माणसं संत्री तोडत होती. बाबा बांधावर उभे. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान वळवली. आणि मी? सभांमध्ये आवाज चढवणारी मी — गुपचूप परत फिरले.

दुपारी शेवंतामावशी संस्थेत आल्या. एकटीनं बाग राखणारी बाई. पदरात गळलेली संत्री.

“फळ गळून राहिलं वं पोरी. व्यापारी दारात बसला आहे. देऊन टाकू का त्याले? तुमच्या बागेचं काय?”

एक शब्द पुरला असता. विका.

“आमचीही झाडावरच आहे, मावशी.”

त्या हसल्या. “सचिवसायबाची थांबली, तं माही कुठं पळून चालली.”

ट्रक आला तेव्हा त्यांच्या झाडांखालची माती दिसत नव्हती. बाकीच्यांना चांगला भाव मिळाला. आमचं म्हणणं खरं ठरलं — ते खरं होतंच. मावशींनी खड्डा खणला. सडलेली संत्री मी घमेल्यानं त्यात ओतत होते, रडत होते, आणि त्याच मला समजावत होत्या, “उगी वं. तुह्या हातात होतं का काही?”

तो आंबूस, गोड वास अजून येतो. नवी संत्री सोलतानाही येतो. चळवळ फुटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरंच चळवळीसाठी? की आमच्या घराच्या नावासाठी?

नवे सभासद आले की मावशी सभेत उभ्या राहतात. “या पोरीनं सांगतलं, आमचीही झाडावरच आहे. म्हणून मी थांबली. असं थांबा लागते.” सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते.

हा मजकूर संस्थेच्या मासिकाच्या अंकासाठी दिला आहे. बाबांनी तो आधी वाचला आणि एकही ओळ न खोडता परत माझ्या टेबलावर ठेवला. अंक निघाला की मावशी सगळ्यात आधी माझं पान उघडतात. चष्मा पुसून, अक्षर न अक्षर वाचतात.