बाळंतपणाच्या आधीचा खोकला

त्या वर्षी तुम्हाला नक्की काय झालं होतं, असं मला कोणी विचारलं तर मी आजही धड सांगू शकत नाही. खोकला झाला होता, एवढं खरं. बाकी कापसाची अ‍ॅलर्जी, दमा, पित्त, टीबी, हे सगळं एकेका डॉक्टरने माझ्या नावावर केलं आणि पुढच्याने ते खोडलं. मी मात्र सगळ्यांची औषधं इमानदारीने घेतली.

एरवी मी खोकल्याला भीक घातली नसती. पण तेव्हा माझी एकुलती एक लेक पहिलटकरीण होती, आणि आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. सातवा लागला की तिला वर्ध्याहून घेऊन यायचं ठरलं होतं. मागची खोली मी पांढऱ्या रंगाने पोतून घेतली होती, जुनी सुती लुगडी फाडून, उकळून, दुपट्यांसाठी वाळवून ठेवली होती. तिची खाट कुठे, बाळाचा पाळणा कुठे, शेकायची शेगडी कुठे, सगळं मनात मांडून झालं होतं. आणि ज्या घरात तान्हं लेकरू यायचं, त्याच घरात मी खोकत होते. कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा खोकला. बोलायला लागलं की यायचा, आडवं पडलं की जास्तच यायचा.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, यजमान शेती करतात. कापूस वेचून आला की तो घराच्या पुढच्या खोलीत भरायचा आणि भाव बरा होईपर्यंत तिथेच ठेवायचा, ही आमच्या गावची रीत. ढीग पार पंख्यापर्यंत जातो. पाहुणा आला तर कापसावरच बसतो, चहाही तिथेच पितो. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. माझा खोकला नेमका कापूस घरात आल्यावर सुरू झाला, त्यामुळे विचार करायची कोणाला गरजच पडली नाही.

"कापसाचं हाये थे," यजमान म्हणाले. "इकला का जाईन."

कापूस विकला. भाव वाढायची वाट न बघता केवळ बायकोच्या खोकल्यासाठी गाडी भरली, असं ते अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोली झाडली, पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातली सरकी वेचून काढली. खोकला जागचा हलला नाही. शेजारीण म्हणाली, कापूस आत जाऊन बसते, निघाले टाइम लागते. मी आयुष्यभर पोरांना फुफ्फुसाची आकृती काढायला शिकवलं, तरी मला ते पटलं. खोकणाऱ्या माणसाला काहीही पटतं.

मग राळेगावच्या एका डॉक्टरांनी छाती तपासली आणि दमा असेल म्हणाले. त्यांनी ओढायचा पंप दिला. पहिल्यांदा ओढला तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बरं वाटतं की नाही हे बघायला मी ओढायचे, आणि बघता बघता खोकला यायचा. दुसरे डॉक्टर म्हणाले, पित्त वर येतं, त्याने घसा खवखवतो. जेवण लवकर, डोक्याखाली दोन उशा, तिखट बंद. मला खोकल्यापेक्षा त्या बिनतिखटाच्या वरणाचाच राग आला. यजमान माझ्या समोर बसून हिरव्या मिरचीचा ठेचा खायचे आणि विचारायचे, "फरक वाटून राह्यला का?"

तिसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते. फिल्म उजेडाला धरून त्यांनी उजव्या बाजूला वरती बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे डाग आहे. मी विचारलं, कशाचा. ते म्हणाले, "टीबी नाही असं आत्ता म्हणता येणार नाही."

ते वाक्य मी घरापर्यंत घोळवत आले. म्हणजे आहे का? तर तसं ते म्हणाले नव्हते. म्हणजे नाही का? तसंही म्हणाले नव्हते. यजमानांना विचारलं, तुम्हाला काय समजलं? ते म्हणाले, "डाग हाये म्हने." एवढंच त्यांना समजलं होतं आणि मलाही.

टीबी असेल तर बेडका तपासायला द्यावा लागतो. मला बेडका पडतच नव्हता. सकाळी उठून, चूळ भरून, मी न्हाणीमागे जाऊन खोकायचे आणि यजमान डबीचं झाकण हातात धरून उभे राहायचे.

"आनखी जोर लाव."

"तुम्हीच लावा," मी म्हणायचे.

तपासणीत काही सापडलं नाही. पण त्यात नुसती थुंकी आहे, बेडका नाही, त्यामुळे पुन्हा द्या असा निरोप आला. पुन्हा दिली. पुन्हा थुंकीच.

तोवर लेकीचा सातवा संपत आला होता. ती फोनवर म्हणायची, "आई, मी येतो. मास्क लावून घेशीन तू, काय होते त्याले." पण तिच्या सासूबाईंनी फोन हातात घेतला. बाई समजूतदार, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. तुमचं काय ते नक्की कळू द्या, मंग पाठवतो. लहान जीवाचा सवाल हाये." मला फार राग आला, आणि तो धरायला जागाच नव्हती, कारण मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. फोन ठेवल्यावर मी माझा पेला, ताट, चादर वेगळी केली. ताटातून टीबी पसरत नाही, हे मीच शाळेत शिकवलेलं. तरी केली.

शेवटी यवतमाळला छातीच्या डॉक्टरकडे गेलो. या डॉक्टर म्हणजे तिशीतली एक बाई, बोलायला मोकळी. तिने कापसापासून ठेच्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं, एक्स-रे बघितला आणि म्हणाली, "काकू, हा डाग मला जुना वाटतो. लहानपणी कधीतरी काही होऊन बरं झालेलं असेल. पण वाटतं म्हणून चालणार नाही, खात्री करू." मग गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं. मी पिशवीच उपडी केली. पंप, पित्ताच्या गोळ्या, खोकल्याच्या अर्ध्या अर्ध्या बाटल्या. "बीपी?" तिने विचारलं. मी सरकारी दवाखान्याचा कागद दाखवला. तिने गोळीचं नाव वाचलं, मान हलवली आणि पुढे गेली. मग मिठाच्या पाण्याची वाफ देऊन एकदाचा माझा बेडका काढला आणि मशीनवर लावला. निकाल दुपारनंतर मिळेल म्हणाले.

आम्ही बाहेरच्या बाकावर डबा उघडला. जेवण झालं तशी यजमानांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, दोन गोळ्या फोडल्या, एक स्वतः घेतली आणि एक माझ्या हातावर ठेवली. रोज जेवल्यावर हे असंच चालायचं. मी ती तोंडात टाकणार तेवढ्यात समोर बघितलं तर डॉक्टरीण उभी होती, जेवून परत येत होती.

"काका, ती गोळी बघू."

यजमानांनी पट्टी दिली. तिने उलटसुलट करून वाचली आणि आमच्या शेजारी बाकावरच बसली.

"ही कोणाची?"

"मायी बीपीची," यजमान म्हणाले. "हिले सरकारी गोळीनं पाय सुजत होते. मले मह्या डॉक्टरनं ही देल्ली, चांगली हाये. म्हनून म्या हिलेही चालू केली. दोघायची एकच आनतो."

"केव्हापासून?"

ते आठवायला लागले. मलाच आधी आठवलं. त्या दिवशी अंगणात कापसाची गाडी रिकामी होत होती आणि मी सुजल्या पायांनी चहा घेऊन येरझारा घालत होते. ते बघूनच त्यांनी मला पहिली गोळी दिली होती.

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "काकू, ह्या गोळीने काही लोकांना असाच कोरडा खोकला येतो. बायकांना जास्त येतो. तुम्ही मला सांगितलं का नाही?"

मी काय सांगणार होते? तिने बीपीची गोळी विचारली, मी बीपीची दाखवली. गोळी बदलली, असं माझ्या डोक्यातच नव्हतं. बीपी तेच, घर तेच, नवराही तोच.

"पन मंग मले काहून नाई येत खोकला?" यजमानांनी विचारलं. ते दुखावले होते.

"काहींना येतो, काहींना नाही. का, ते मलाही पक्कं नाही सांगता येणार."

"बीमारी एकच हाये ना? दोघायले येगयेगळी गोळी कायले?"

"काका, तुम्ही काकूंचा चष्मा लावता का?"

"लावतो ना," ते म्हणाले. "पेपर वाचाले तिचाच लावतो."

डॉक्टरीण हसली, पण मला हसू आलं नाही. मशीनचा निकाल आला, टीबीचं काही सापडलं नव्हतं. तिने मला तिसरीच गोळी लिहून दिली, सरकारीही नाही आणि यजमानांचीही नाही, आणि बजावलं की दुसऱ्याच्या खिशातली आता एकही घ्यायची नाही. मी विचारलं, मग खोकला गोळीचाच होता, हे नक्की ना? ती म्हणाली, "बंद करून बघू. काही आठवडे लागतील, कधी महिना-दोन महिनेही लागतात. गेला तर गोळीचा होता असं समजू."

म्हणजे पुन्हा तेच. आजार काय, ते तो गेल्यावर कळणार. मला वाटलं होतं, निदान ऐकून तरी जीव भांड्यात पडेल. उलट बसमध्ये बसल्यावर मला इतका राग आला की खिडकीकडे तोंड करून बसले. राग कोणावर काढायचा तेच समजत नव्हतं. या माणसाने मला रोज आपल्या हाताने खोकला भरवला होता, आणि तोही मायेने. माझे पाय दुखू नयेत म्हणून. कळंबच्या पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पाय तं सुजले नाईत ना तुये." मला त्यांना चार शब्द सुनावायचे होते आणि त्यांचा हातही धरायचा होता. मी दोन्ही केलं नाही, खोकत बसले.

घरी येऊन वर्ध्याला फोन लावला. लेक रडली. तिच्या सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "गोळीनं खोकला जाते ताई, येते कसा?" मी समजावून सांगायला लागले आणि त्याच वेळी मला उबळ आली. चांगली लांब.  उबळ संपल्यावर त्या म्हणाल्या, "बरं वाटू द्या तुमाले, मंग पाहू." त्यानंतर आठवा लागला, आणि तिचे डॉक्टर म्हणाले आता प्रवास नको. मागच्या खोलीतली दुपटी मी घडी करून पिशवीत भरली.

बाळंतपण वर्ध्याला झालं. मुलगी झाली. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा माझा खोकला बराच उतरला होता, पण गेला नव्हता. लेक पलंगावर टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. बाळ तिच्या सासूबाईंच्या मांडीवर. मी हात धुतले, मास्क नीट केला आणि दारापाशीच उभी राहिले. लेक म्हणाली, "आई, घे ना तिले." यजमान म्हणाले, "घे." मशीनने टीबी नाही म्हटलं होतं, डॉक्टरिणीने बाळाला खुशाल घ्या म्हटलं होतं. शेवटी विहीणबाई स्वतः उठल्या, बाळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "घ्या ताई, तुमचीच हाये."

मीच घेतलं नाही. हात पुढे झाले नाहीत. इतके महिने सगळ्यांनी माझ्या श्वासाकडे संशयाने पाहिलं होतं, आणि नाही म्हणता म्हणता मीही तसंच पाहायला शिकले होते. विहीणबाईंनी बाळ तसंच लेकीकडे दिलं. लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

खोकला पुढे गेला. कोणत्या दिवशी गेला ते माहीत नाही, नसलेला खोकला कोण बघतं. गोळीमुळेच होता का? तोवर कापूस विकून कितीतरी महिने झाले होते, ऋतू बदलला होता, पंपही मी चोरून ओढत होते. डॉक्टरीण म्हणाली, एकदम पक्कं करायचं तर तीच गोळी पुन्हा चालू करून बघावी लागेल. मी म्हटलं, राहू द्या. यजमान अजून म्हणतात कापसाचाच होता.

आता लेक नातीला घेऊन आली आहे. नात बसायला लागली आहे, हाताला येईल ते ओढते. तिला मांडीवर घेतलं की मी मान वळवून श्वास सोडते. खोकला नाही, काही नाही, तरी मान आपोआप वळते. लेक ते बघते. परवा नातीने माझे दोन्ही गाल धरले आणि माझं तोंड आपल्याकडे ओढून घेतलं, आणि अगदी नाकाला नाक लावून बघत बसली. मी श्वास रोखून धरला होता. ती काही सोडेना. मग मीच सोडला.