समोर ठेवलेला पेन

ती घटना आजही आठवते. ती सांगितलेली माझ्या काही जुन्या साहेबांना आवडणार नाही. न आवडो.

छत्रपती संभाजीनगरच्या एका ठाण्यात मी तपास पथकाचा फौजदार होतो. औरंगपुऱ्याच्या बाजारात गिऱ्हाइकांचे मोबाइल चोरीला जात होते. एका दुपारी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, कापड दुकानात एकाला धरलंय. लोकं लई मारायलेत." गेलो. लासूर स्टेशन गावचा पन्नाशीचा माणूस, शाळेत लिपिक होता. काउंटरवरचा दुसऱ्याचा मोबाइल त्याने कानाला लावला आणि चालू लागला. कॅमेऱ्यात सगळे स्वच्छ दिसत होते.

ठाण्यात विचारले, "का उचललास?"

"समोर व्हता, म्हून."

एवढे बोलून त्याने टेबलावरचा माझा चष्मा डोळ्यांवर चढवला. बेटा मस्करी करतोय, असे वाटून मी कानाखाली वाजवली आणि चष्मा काढून घेतला. तो रडू लागला. रडता रडताच त्याचा हात पुन्हा चष्म्याकडे गेला.

दारात त्याची बायको उभी होती. "साहेब, गाडीवरून पडले, कपाळाला मार लागला, तवापासून जे दिसंल ते हातात घेतेत. कळतंय त्यांला, पण हात थांबत नाय." असल्या सबबी मी ढिगाने ऐकल्या होत्या.

तेवढ्यात वरून हुकूम आला, मोबाइलचे बाकीचे गुन्हेही याच्यावरच दाखवा. हवालदाराने 'चोरलेले बाकीचे मोबाइलही काढून देतो' असे त्याचे निवेदन लिहिले आणि पेन पुढे ठेवला. त्याने न वाचता सही केली.

"कबूल झाला, साहेब," हवालदार खुशीत म्हणाला.

मला ते खटकले. मी माझा रजेचा अर्ज पुढे सरकवला. त्यावरही सही. भिंतीवरचे कॅलेंडर काढून ठेवले. त्यावरही सही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "वस्तू दिसली की हात तुमचाही निघू पाहतो. मेंदूचा पुढचा भाग त्याला तिथल्या तिथे आवरतो. यांचा तोच भाग दुखावलाय."

मी ते निवेदन, रजेचा अर्ज आणि कॅलेंडर डॉक्टरांच्या दाखल्यासोबत वर पाठवून दिले. साहेब भडकले. "बदली पाहिजे का?"

"चालेल, साहेब. पण बाकीचे गुन्हे मी याच्यावर दाखवणार नाही."

बदली कन्नडला झाली. त्याला जामीन मिळाला; पुढे कोर्टाने दाखला मानला, तो सुटला. कन्नडला रुजू होण्याआधीच मी लासूरला जाऊन त्याची माफी मागितली. त्याने माझी टोपी उचलून डोक्यावर घातली. बायको घाबरली. मी म्हणालो, "राहू द्या."

पुढे नोकरीभर मी आरोपीवर हात उचलला नाही. 'साहेब, हात आपोआप उठला' असे सांगणाऱ्या एकाही पोलिसाला पाठीशी घातले नाही, आणि आजही कुणी सांगितले तर ऐकून घेणार नाही. त्या माणसाचा हात खरोखरच आपोआप उठत होता. माझा मी उठू दिला होता.