उजव्या ओळीची खंजिरी

आमच्या भजनी मंडळात बायका दोन ओळींत समोरासमोर बसतात. डावी ओळ आधी म्हणते, उजवी तिच्यामागून. दोन्हींच्या टोकाला मध्यभागी पेटी, आणि पेटीवर मंडळाच्या प्रमुख काकू. तबला डाव्या ओळीत, खंजिरी उजव्या. खंजिरी माझ्या सासूबाईंची. मी गात नाही. देवळी गावात आमचं शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान आहे, वायरींशी माझा रोजचा संबंध, म्हणून मंडळाचे माइक माझ्याकडे.

यंदा भजनस्पर्धावाल्यांनी कळवलं की आधी रेकॉर्डिंग पाठवा, त्यातून निवड करू. पहिल्यांदा मोबाइल दोन ओळींच्या मधे ठेवून पाहिला. जवळची पेटी तेवढी वाजली, बाकीचं सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं. मग मंडप-डेकोरेशनवाल्याकडून मिक्सर आणि एक छोटा रेकॉर्डर आणला. सगळ्या माइकच्या वायरी मिक्सरमध्ये जातात आणि बाहेर पडताना त्यांच्या दोनच वाटा होतात, एक डावी, एक उजवी. या दोन वाटा एकाच पिनेतून रेकॉर्डरमध्ये शिरतात. प्रत्येक माइकला एक बटण असतं. ते डावीकडे फिरवलं की आवाज डाव्या वाटेने जातो, उजवीकडे फिरवलं की उजव्या. मला ते बघताक्षणीच पटलं. आमच्या ओळी दोन, वाटाही दोन. डाव्या ओळीचे माइक पूर्ण डावीकडे, उजव्या ओळीचे पूर्ण उजवीकडे, पेटी मध्ये.

माझी काळजी वेगळीच होती. सासूबाईंचं मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर काढून काही महिनेच झाले होते. तेव्हापासून तबल्यावरची मावशी म्हणायची की खंजिरी मागे राहते. प्रमुख काकूंनीही हळूच सुचवलं होतं, "यंदा तुम्ही टाळ घेता काय?" सासूबाई रेकॉर्डिंगला खंजिरी घेऊनच आल्या. मला ताल कळत नाही, त्यामुळे खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की खंजिरी सुटली तर या बाईला दुपारी घराबाहेर पडायला दुसरं कारण नाही. मग त्या दुकानात येऊन बसतील आणि वाइंडिंग कसं करावं हे मला शिकवतील.

रेकॉर्डिंग एका दमात झालं. हेडफोन लावून ऐकलं तर दोन ओळींच्या मधोमध बसल्यासारखं वाटलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवायला म्हणून तिथल्या ॲम्प्लिफायरला रेकॉर्डर जोडला. पेटी वाजली, डावी ओळ वाजली, तबला तर दणक्यात. उजवी ओळ विहिरीच्या तळाशी बसून गायल्यासारखी. खंजिरी जवळजवळ नाहीच.

"बापा! आमी काय नुसतं तोंड हालवून राह्यलो होतो?" उजव्या ओळीतली एक बाई म्हणाली.

तबल्यावरची मावशी हसली. "बरंच झालं न. आता खंजिरी मागं राहाचा प्रश्नच नाई."

सासूबाई उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या.

मी वायरी तशाच सोडून, रेकॉर्डर तेवढा घेऊन मागोमाग घरी आले. त्या पलंगावर बसल्या होत्या.

"मले काढाचं होतं त तोंडानं सांगून देतीस. बटन कायले फिरवलं?"

"आई, मी काही काढलं नाही. हे घ्या, ऐका." मी हेडफोन पुढे केला.

त्यांनी थोडं ऐकलं आणि काढून ठेवला. "याच्यात तू काई बी वाजवशीन. देवळात काऊन नाई वाजली?"

प्रश्न बरोबर होता. मी परत हॉलमध्ये गेले आणि ॲम्प्लिफायरच्या मागे वाकून पाहिलं. रेकॉर्डरच्या वायरीला पुढे दोन पिना असतात, पांढरी डावी आणि लाल उजवी. ॲम्प्लिफायर जुना, त्याला भोक एकच. मी त्यात पांढरी घातली होती. लाल मागे लोंबत होती, आणि तिच्यासोबत आख्खी उजवी ओळ. इतकं बरं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसले. रेकॉर्डिंग शाबूत होतं. रेकॉर्डर परत मिक्सरला लावायचा, दोन्ही पिनांची बटणं मध्ये आणायची, की दोन्ही ओळी एकत्र होऊन बाहेर पडणार.

फोन करून सासूबाईंना बोलावून घेतलं. बायका अजून चहा पीत होत्या. मी सगळ्यांना दोन्ही पिना दाखवल्या आणि मिक्सर जोडायला घेतला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी नुसती लाल लाव."

"नुसती लाल? आई, त्यात तबला नाही येणार. तुमची खंजिरी उघडी पडेल."

"पडू दे."

"उगाच कशाला? दोन मिनिटांत सगळं एकत्र करते."

"काऊन? तुले बी वाटते न मागं राहते म्हनून?"

मी पांढरी काढून लाल घातली.

हॉलभर खंजिरी, मागे उजव्या ओळीचे आवाज आणि पेटी. प्रमुख काकू मांडीवर हाताने ताल धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या हातावर नजर ठेवली, मला तोच एक मार्ग. हात पडला की खंजिरी पडत होती. पुढे लय वाढली. त्यांचा हात भराभर पडू लागला, खंजिरीही त्याच्याबरोबर. एका ठिकाणी हात पडला आणि खंजिरी आली नाही. पुढच्या ठोक्याला परत जागेवर.

"हे एक हुकली," सासूबाई स्वतःच म्हणाल्या.

भजन संपलं. काकूंनी मावशीकडे पाहिलं. "काय वो, मागं हाय काय?"

मावशीने कप खाली ठेवला. "नाई. बरोबर हाय." मग म्हणाली, "पन आता माही बी बाजू लावा एकटी."

"तुही त आताच लावली होती," सासूबाई म्हणाल्या, "साऱ्या गावानं आयकली."

हसण्यात मावशीही सामील झाली. काकू म्हणाल्या, "टाळ दुसरं कोनी घेईन. खंजिरी हाय तिथंच राहू दे."

मी मिक्सर जोडला, बटणं मध्ये आणली. हॉलच्या भोंग्यातून दोन्ही ओळी पहिल्यांदा एकत्र ऐकू आल्या, खंजिरी तबल्याला धरून. तेच मिक्सरमधून मोबाइलवर नव्याने रेकॉर्ड करून संध्याकाळच्या आत पाठवून दिलं. निवड होईल न होईल, ते स्पर्धावाले बघतील. माझ्यापुरतं काम झालं होतं.

वायरी गुंडाळत होते तेव्हा सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, काही बरं बोलतील.

"पुढच्या खेपेले तबला जरासा कमी ठेवजो," त्या म्हणाल्या. "लय दणकवते ते बाई."